मोजदाद

ओजस दारातूनच विचारतो, एक बूट पायात, एक हातात,
"मावशी, डाळ्याला कॉर्नफ्लेक्स चालतात?"
"न चालायला काय झालं? मकाच तो,
लाटून चपटा केलेला."
रिक्षावाला हॉर्न मारतो, पोरगं पळतं.
जेलरोडला अजून धुकं
आणि डाळ्या, फुटाण्याच्या रंगाचा,
शेपटीनं माझं दार झोडपतोय.

माझ्या वाडग्यात अर्धं उरलं होतं.
हृदयाच्या डॉक्टरांनी पोहे सोडायला लावल्यापासून
मी सकाळी खाते ते महागडं भुस्कट,
वर रंगनाथनं पिंपळगावहून पाठवलेले बेदाणे.
मीच सरकवलं ते वाडगं त्याच्यापुढे.
पायानं.

दहाला त्याची रेबीजची सुई होती.
डॉक्टर कोठावदे औषध ओढता ओढता विचारत होत्या,
जेवतो का नीट, काय काय खातो.
मी कौतुकानं सांगत गेले.
सुई हवेत थांबली.
"बेदाणे होते त्यात?"
"होते की. घरचे."
"किती?"
"मूठभर."
"मूठ कुणाची?"

एकतीस वर्षं प्रेसमध्ये मी कागद मोजले.
एक ताव कमी भरला तर फाटक उघडत नसे,
कुणाचं पोर तापानं फणफणत असो,
कुणाची शेवटची बस असो,
पुन्हा पहिल्यापासून, अंगठा ओला करून.
आणि आता मला सांगता येईना
आपल्याच हातानं टाकलेले दाणे.

त्याला ओकायला लावलं
फरशीवर अंथरलेल्या जुन्या पेपरवर.
मी काडी घेऊन उकिडवी बसले.
दुधात फुगून ते
परत द्राक्षं व्हायला निघाले होते.
अकरा.
बारावा होता की नव्हता?
"होता असं धरू," डॉक्टर म्हणाल्या,
"एखाद्याला ओंजळभर पचतात, एखाद्याची किडनी
चार दाण्यांत बसते.
कोणता कोण, ते आधी कळत नाही."
आणि नुसते कॉर्नफ्लेक्स?
"बिनसाखरेचे, चिमूटभर, चालतील. चॉकलेटवाले नाहीत.
पण त्याचं अडलंय कुठं त्यावाचून?"
माझंही कुठं अडलं होतं.

दोन दिवस सलाइन.
दोन दिवस मी त्याच्या मुतण्याची अशी वाट पाहिली
जशी पगाराचीही कधी पाहिली नव्हती.

रात्री रंगनाथचा फोन. सगळं सांगितलं.
वाटलं, हसेल. त्याच्या बागेत कुत्री असतातच,
थॉमसनच्या ओळीत दुपारची निजतात.
तो बोलेचना.
मागे मोटर चालू होती, ती बंद केल्याचं ऐकू आलं.
मग म्हणाला, "अक्का, झिपऱ्या."

चौऱ्याऐंशी सालची खुडणी.
झिपऱ्या वेलाखाली गळलेले मणी वेचत फिरायचा,
आम्ही वरून एकेक टाकायचो, तो हवेत झेलायचा,
आम्ही टाळ्या पिटायचो.
तिसऱ्या दिवशी बांधावर ओकून ओकून गेला
आणि अण्णा म्हणाले, गडाखांनी विष घातलं.
झालं.
तेव्हापासून त्यांच्या विहिरीवर आमचं पाऊल नाही,
लग्नाला नाही, मयताला नाही.
त्यांची शोभा शाळेत माझ्या बाकावर बसायची.
मी दुसऱ्या दिवशी दप्तर उचलून
मागच्या बाकावर गेले.

"तसंच झालं असेल असं नाही," मी म्हणाले.
"नाही," तो म्हणाला, "नसेलही."
बराच वेळ दोघांनी फोन ठेवला नाही.

आज डाळ्या घरी आहे.
भाकरीचा पापुद्रा मागतो, मधला भाग सोडून देतो, माजलाय.
ओजस दारात, दोन्ही बूट पायात,
मूठ उघडून दाखवतो,
"चारच आहेत, मावशी. मोजलेत मी."
तरी मी पुन्हा मोजते.

शोभाला कुठं दिली होती,
निफाडला की येवल्याला?